नेम विमानाने धरायचा

अगं, तुझा मेसेज परवाच वाचला, उत्तर लिहायला आज निवांत बसलो आहे. फ्लाय-इनमधल्या पिठाच्या पिशव्या टाकायच्या स्पर्धेत तुम्ही दोघी उतरताय, विमान मैत्रीण चालवणार आणि पिशवी तू टाकणार, हे वाचून फार आनंद झाला. "काका, नेम कसा साधायचा तेवढं सांगा," असं लिहिलंयस. तेवढंच सांगायचं तर एका वाक्यात सांगता येईल: नेम विमानाने धरायचा, हाताने फक्त पिशवी सोडायची. पण वाक्य पाठ करून पिशवी वर्तुळात पडत नाही, म्हणून बैजवार लिहितो. मैत्रिणीला शेजारी बसवून हे सगळं समजावून सांग. यातलं अर्ध्याहून जास्त तिच्यासाठी आहे.

तुझ्या बाबांचा सांगलीहून फोन आला होता. विमानातून पीठ टाकतात म्हणजे नेमकं काय करतात, असं विचारत होते. त्यांना सांगितलं ते असं. अमेरिकेत गावोगावी लहान विमानतळ आहेत. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी आसपासची हौशी मंडळी आपापली विमानं घेऊन अशा एखाद्या ठिकाणी जमतात, तोच फ्लाय-इन. सकाळी पॅनकेक आणि कॉफी, मग एकमेकांची विमानं बघत हिंडणं, आणि मग स्पर्धा. आखलेल्या रेषेवर विमान अचूक टेकवायची एक, आणि ही पिठाची दुसरी. गवतावर चुन्याचं मोठं वर्तुळ काढतात, मध्ये एखादं पिंप नाहीतर भंगारातली गाडी ठेवतात. किमान उंची आयोजक ठरवतात, बहुधा दोनशे-तीनशे फूट. पिशवी जमिनीवर फुटली की पांढरा डाग उठतो, आणि पंच टेप लावून मध्यापासून डागापर्यंतचं अंतर मोजतात. ज्याचं अंतर सगळ्यांत कमी, तो जिंकला.

बाबांना हा पोरखेळ वाटला असेल, पण हे कसब जुनं आणि कामाचं आहे. विमानात रेडिओ नव्हते किंवा असून भरवशाचे नव्हते, त्या काळी, पहिल्या महायुद्धात, वरून टेहळणी करणारा माणूस निरोप कागदावर लिहायचा, वजनदार पिशवीत घालायचा, पिशवीला लांब रंगीत फीत बांधायचा आणि आपल्या तुकडीजवळ टाकायचा. पिशवी भलतीकडे पडली तर निरोप शत्रूच्या हाती. इथल्या कॉलेजांची सेफकॉन नावाची उड्डाणस्पर्धा असते, तिच्यात 'मेसेज ड्रॉप' हा प्रकार अजून आहे. त्यातही एक वैमानिक आणि एक टाकणारा, अशीच जोडी असते.

मला स्वतःला सगळ्यांत आवडते ती मेन राज्यातल्या दीपगृहांची गोष्ट. बिल विंकापॉ नावाचा वैमानिक १९२९ च्या नाताळात समुद्रातल्या दीपगृहांवर विमानातून पुडकी टाकून आला. वर्तमानपत्रं, कॉफी, मुलांसाठी गोड काहीतरी. त्या खडकांवर राहणाऱ्या कुटुंबांकडे हिवाळ्यात महिनोन् महिने कुणी फिरकत नसे. लोकांना ते इतकं भावलं की 'फ्लाइंग सांता' ही प्रथाच पडली, आणि १९३६ पासून एडवर्ड रो स्नो या लेखकाने ती पुढे कित्येक दशकं चालवली. १९४५ साली एका दीपपालाच्या लहान मुलीसाठी टाकलेली बाहुली खडकावर आपटून फुटली. पुढच्या वर्षी स्नो हेलिकॉप्टर करून गेले आणि नवी बाहुली त्या मुलीच्या हातात ठेवून आले. पुडकं जागेवर पडलं तरी आतली वस्तू धड पोहोचेलच असं नाही, टाकणाऱ्याला दोन्हींचा विचार करावा लागतो. तुझं काम त्या मानाने सोपं आहे, तुझी वस्तू फुटायलाच हवी.

आता आकडे. ते डोक्यात बसले की बाकीचं सगळं का करायचं हे आपोआप कळतं.

२०० फुटांवरून सोडलेली वस्तू, हवा आडवी येत नाही असं धरलं तर, साडेतीन सेकंदांत जमिनीवर येते. विमान ६० नॉटने चाललं असेल तर सेकंदाला १०१ फूट पुढे सरकतं, आणि सुटलेल्या पिशवीच्या अंगात तोच वेग असतो. म्हणजे पिशवी सुटल्या जागेपासून साधारण ३५५ फूट पुढे जाऊन पडेल. पहिल्यांदा टाकणारे बहुतेक जण लक्ष्य अगदी खाली आलं की हात सोडतात, आणि पिशवी पार पलीकडे जाते. खाली बघून टाकायचं नसतं, पुढे बघून टाकायचं असतं.

हाच हिशेब थोडा हलवून बघ. वेग ६० ऐवजी ७० नॉट झाला की अंतर ४१५ फुटांवर जातं, म्हणजे ६० फुटांचा फरक. उंची २०० ऐवजी २५० फूट झाली की चाळीसेक फुटांचा फरक. आणि तुझा हात अर्धा सेकंद उशिरा सुटला तर ५० फूट. अर्धा सेकंद! मैत्रिणीने "सोड" म्हणायचं, तू ऐकायचं आणि मग बोटं उघडायची, एवढ्यात तो निघून जातो. म्हणून पिशवी कधी सोडायची ते तूच बघायचं आणि तूच ठरवायचं. तिने हुकूम द्यायचा नाही.

खरी पिशवी मात्र या हिशेबाप्रमाणे पडत नाही. कागदाची, अर्ध्या किलोची, बोजड आकाराची पिशवी सुटल्या क्षणापासून हवा तिला मागे ओढते. पुस्तकी आकड्याच्या ती सहज शंभर फूट अलीकडे पडते. किती अलीकडे, ते पिशवीचं वजन, तिचा आकार आणि त्या दिवशीचा वारा यांवर ठरतं, आणि ते घरी बसून काढता येत नाही. म्हणून पहिली पिशवी ही मोजमापाची पिशवी. ती बक्षिसासाठी टाकू नकोस, माहितीसाठी टाक. बहुतेक ठिकाणी दोन-तीन पिशव्या देतात, आणि पहिलीपासून काही शिकलेली जोडीच शेवटची नीट टाकते. पण शिकता येण्यासाठी एक अट आहे: प्रत्येक फेरी हुबेहूब सारखी व्हायला हवी. पहिल्या फेरीला ६० नॉट आणि दुसरीला ६८ असेल तर पहिल्या पिशवीने शिकवलेलं सगळं वाया गेलं.

इथून पुढचं मैत्रिणीला वाच.

उड्डाणाआधी जमिनीवरच आल्टिमीटर असा लाव की त्यावर विमानतळाची उंची दिसेल. विमानतळ समुद्रसपाटीपासून ८०० फुटांवर असेल तर २०० फुटांची फेरी म्हणजे काटा बरोबर १००० वर. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पॅनेलवर चिकटव, ऐन वेळी बेरीज करत बसू नकोस. सेसना १७२ सारख्या विमानाला १० अंश फ्लॅप आणि ६०-६५ नॉट हा वेग सोयीचा पडतो. कमी वेगाने पिशवी जास्त अचूक पडते हे खरं, पण म्हणून त्याखाली जायचं नाही. एवढ्या खाली विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल सुटली, तर ते सावरायला उंचीच उरलेली नसते.

वर्तुळाच्या निदान एक सागरी मैल आधी विमान रेषेवर आलेलं असू दे. ६० नॉटने तो मैल कापायला एक मिनिट लागतं, आणि तेवढं मिनिट हवंच. त्यात वेग बसव, उंची बसव, मग ट्रिम असं लाव की हात काढला तरी विमान तसंच जाईल. सेसनाचं नाक शेवटच्या टप्प्यात लक्ष्य झाकतं, त्यामुळे लक्ष्याकडे बघत उडवायचा प्रयत्नच करू नकोस. लक्ष्याच्या सरळ पलीकडे, एक-दोन मैलांवरचं काहीतरी पकड. मक्याच्या शेतातला सायलो, पाण्याची टाकी, एखादं एकटं झाड. त्याच्यावर नाक ठेवलंस की रेषा राहते. नजर त्या खुणेवर, वेगाच्या काट्यावर आणि उंचीच्या काट्यावर फिरत राहायला हवी. खाली वर्तुळाकडे ती जाता कामा नये.

बाजूची दुरुस्ती टाकणारीने सांगावी, कारण तिला लक्ष्य दिसतं. "थोडं डावीकडे", "बस", एवढेच शब्द, आणि तेही लांब असतानाच. दुरुस्ती करताना विमान हलकंसं कलवून वळव, नुसता रडर दाबून नाक सरकवू नकोस. कमी वेगात, खाली उडताना, फक्त रडरने सरकवलेलं विमान एक पंख खाली टाकून गिरकीत जाऊ शकतं. शेवटचे दहा सेकंद तर कुणीच काही सांगायचं नाही आणि काही बदलायचं नाही. रेषा चुकलेली दिसली तर पिशवी हातातच ठेवा आणि पुन्हा फेरी घ्या. नियम परवानगी देत असतील तर एक फेरी मुद्दाम रिकामी घ्या, पिशवी न टाकता. तिच्यात जेवढं कळतं तेवढं ब्रीफिंगमध्ये कळत नाही.

आणि यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. पिशवी सुटली की तू मागे वळून बघायचं नाही. थ्रॉटल पूर्ण, नाक हळूच वर, सरळ चढत राहायचं, फ्लॅप टप्प्याटप्प्याने आत, आणि चांगली उंची मिळाली की मगच वळायचं. अलास्कात खाली दिसलेला मूस प्राणी बघायला वैमानिक घिरट्या घालतात, नजर खिडकीबाहेर, वळण घट्ट होत जातं, वेग उतरत जातो आणि विमान स्टॉल होऊन पडतं. इतक्यांदा असं झालंय की तिकडे त्याला 'मूस स्टॉल' असं नावच पडलंय. पिशवीचं काय झालं ही उत्सुकता त्या मूसइतकीच घातक आहे. मागे बघायचं असेल तर टाकणारीने बघावं, तू नाही. नाहीतर जमिनीवर ओळखीचं कुणी उभं कर आणि रेडिओवर दोन शब्दांत सांगायला सांग: "साठ अलीकडे", "वीस डावीकडे". माझ्या मते हीच सोय सगळ्यांत चांगली.

आता तुझ्याकडे वळतो.

विमान उंच पंखाचं आहे ना, ते आधी बघ. पाइपर चेरोकीसारख्या खालच्या पंखाच्या विमानात तुझ्या आणि लक्ष्याच्या मध्ये पंखच येतो, आणि दारही पंखावरच उघडतं. पाइपर कब मिळाली तर सोनं. तिचं दार दोन फळ्यांचं असतं, वरची पंखाखाली अडकवायची, खालची खाली सोडायची, आणि उजवी बाजू सगळी मोकळी. सेसना १७२ असेल तर उजवी खिडकी. ती वरच्या कडेला बिजागरीवर असते आणि एका छोट्या दांड्यामुळे थोडीशीच उघडते. त्या दांड्याचा स्क्रू काढला की वाराच खिडकी उचलून पंखाखाली धरून ठेवतो. पण स्क्रू आपल्या मनाने काढायचा नाही. विमानाच्या मालकाला विचारायचं आणि मेकॅनिककडून काढून घ्यायचा. खिडकी किती वेगापर्यंत उघडी चालते ते त्या विमानाच्या पुस्तकात दिलेलं असतं, ते दोघींनी वाचा.

पिशवी कशी बनवायची ते नीट सांगतो, कारण तिथे फार लोक चुकतात. आयोजक तयार पिशव्या देत असतील तर प्रश्न मिटला, पण सरावासाठी तुला लागतीलच. इथे मुलांच्या डब्यासाठी तपकिरी कागदाच्या पिशव्या मिळतात, त्या घे. मैदा साधारण अर्धा किलो, प्रत्येक पिशवीत काट्यावर मोजून सारखाच. पिशवी गच्च भरू नकोस. गच्च भरलेली दगडासारखी आदळते आणि तिचा डाग लहानसा उठतो, सैल भरलेली फुटून पसरते. आतली जास्तीची हवा हळूच दाबून काढ, तोंड दोनदा दुमड, मग करंजीला मुरड घालतो तशी कड दाबत जा आणि वर एकच चिकटपट्टी लाव. पिशवी हलवून बघ, कोपऱ्यातून पीठ गळत असेल तर ती बाजूला काढ. प्लास्टिकची पिशवी वापरू नकोस. ती कधी फुटते कधी नाही, आणि शेतात पडून राहते. वजन वाढवायला म्हणून आत वाळू, खडे, नाणं काही म्हणजे काही घालायचं नाही. पिशव्या खोक्यात उभ्या ठेव आणि खोकं मांडीवर घे. खाली ठेवलेली पिशवी सरकून रडरच्या पेडलखाली जाऊ शकते. एका वेळी हातात एकच.

बसताना पट्टा घट्ट. ओढणी, टोपी, लोंबणारे केस, हातातला फोन, यांपैकी काहीही त्या खिडकीजवळ नको. चष्म्याला मागून दोरी बांध. डोळ्यांना बंद गॉगल असला तर उत्तम, कारण पिशवी खिडकीच्या कडेला घासून फाटली तर सगळा मैदा आत येतो आणि दोघींना काही सेकंद काहीच दिसत नाही. २०० फुटांवर ते काही सेकंद फार मोठे. असं झालंच तर पिशवी विसरायची. मैत्रिणीने नाक किंचित वर, पूर्ण थ्रॉटल, एवढंच करायचं. हे आधीच जमिनीवर बोलून ठेवा.

हात बाहेर काढलास की वारा तो जोरात मागे लोटतो. पहिल्यांदा माणूस दचकतो. म्हणून हात आधीच बाहेर काढ, कोपर खिडकीच्या कडेवर टेकव आणि वाऱ्याशी हाताची ओळख होऊ दे. पिशवी तिच्या पोटाला तळहातात धर, तोंडाला नको. सोडताना फेकायची नाही. फेकण्यात दर वेळी जोर वेगळा पडतो, आणि मग पुढच्या वेळी दुरुस्ती कशाची करायची तेच कळत नाही. खाली आणि किंचित मागे ढकलत बोटं उघडायची. खाली अशासाठी की सेसनाचं चाक तिथेच असतं आणि पिशवीने ते चुकवायला हवं. बाहेर आणि वर तर कधीच उडवायची नाही, ती थेट शेपटीवर जाते.

नेमाची खूण अशी कर. बसल्या जागेवरून, डोकं मागे टेकवून, खिडकीच्या चौकटीवर किंवा पंखाच्या स्ट्रटवर रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लाव. डोळा, खूण आणि लक्ष्य एका रेषेत आले की तो तुझा क्षण. डोकं दर वेळी त्याच जागी हवं. पुढे वाकून बघितलंस तर खूण हलल्यासारखीच. आता युक्ती सांगतो. खूण थोडी पुढे लाव, म्हणजे लक्ष्य तिला लवकर शिवेल. मग शिवल्यावर एका लयीत मोज: "एक, दोन", आणि सोड. ही लय घरी घड्याळासमोर बसून पक्की कर, एक आकडा म्हणजे एक सेकंद. पहिली पिशवी पन्नास फूट अलीकडे पडली तर पुढच्या वेळी अडीच मोजायचं, पन्नास फूट पलीकडे पडली तर दीड. लक्ष्य खुणेला शिवताक्षणी सोडायची सवय लावलीस तर पलीकडे पडलेली पिशवी अलीकडे आणायला जागाच राहत नाही. एका सेकंदाला शंभर फूट, हा तुझा हिशेब. समोरून वारा असेल तर जमिनीवरचा वेग उतरतो आणि हा आकडाही उतरतो. ६० नॉटच्या विमानाला समोरून १० नॉटचा वारा म्हणजे जमिनीवर ५० नॉट, सेकंदाला ८४ फूट.

वाऱ्यावर जरा थांबतो, कारण जिंकणं-हरणं बहुधा तिथेच ठरतं. शक्य असेल तर वाऱ्याच्या तोंडावर या. वेग कमी, विचाराला वेळ जास्त, आणि आडवं वाहून जाणं नाही. पण पुष्कळदा धावपट्टीला समांतर एकच रेषा आखून दिलेली असते आणि वारा बाजूने असतो. तेव्हा मैत्रीण नाक थोडं वाऱ्याकडे करून तिरकी उडेल आणि विमान जमिनीवर सरळ रेषेत जाईल. तुला वाटेल, रेषा वर्तुळावरून जातेय म्हणजे पिशवीही तिथेच पडेल. जड लोखंडी गोळा असता तर तसंच झालं असतं. कागदाची पिशवी मात्र आपला वेग लवकर गमावते आणि वारा तिला त्याच्या दिशेला नेतो. म्हणून विमानाची रेषा लक्ष्यावरून न ठेवता वारा येतो त्या बाजूने थोडी सरकवून ठेवायची. किती, ते पहिली पिशवी सांगेल. आपल्याकडे प्रजासत्ताक दिनाला हेलिकॉप्टरमधून पाकळ्या उधळतात, त्या तू पाहिल्या आहेस. पाकळीत स्वतःचा वेग राहतच नाही, ती सुटली की सगळी वाऱ्याचीच. तुझी पिशवी लोखंडी गोळा आणि पाकळी यांच्या मध्ये कुठेतरी आहे.

विंडसॉककडे बघून सगळं कळलं असं मानू नकोस. तो जमिनीलगत असतो, आणि २०० फुटांवर वारा बहुधा जास्त जोराचा असतो, कधी दिशाही थोडी वेगळी असते. जंगलातल्या वणव्यांवर पॅराशूटने उतरणारे स्मोकजम्पर १९४० पासून हे काम करतात. माणूस बाहेर पडण्याआधी ते रंगीत कागदाच्या लांब फिती टाकतात. उतरायच्या जागेच्या बरोबर वर फीत सोडायची, ती कुठे पडते ते बघायचं, आणि तेवढंच अंतर उलट्या दिशेला, वाऱ्याच्या बाजूला जाऊन माणसाने उडी घ्यायची. वर-खाली वारा कसाही असो, फीत त्या सगळ्याची बेरीज करून देते. तुझी पहिली पिशवी म्हणजे तुझी फीत, म्हणून तिचं मोल मी इतकं सांगतो.

पुढे जाणाऱ्या वेगाची ही सगळी कटकटच नको म्हणून एका माणसाने वेगळाच मार्ग काढला होता. इक्वेडोरच्या जंगलात १९५५ साली नेट सेंट या मिशनरी वैमानिकाने पाइपरच्या छोट्या विमानातून लांब दोरीला बादली बांधून सोडली आणि तो एकाच जागेभोवती घिरट्या घालत राहिला. विमान वर गोल फिरत असताना बादली वर्तुळाच्या मध्याशी जवळजवळ स्थिर लोंबत राहते. तिथल्या वाओरानी लोकांनी तिच्यातून भेटवस्तू काढून घेतल्या आणि परत आपल्या वस्तू तिच्यात ठेवल्या. हे तुम्ही करायचं नाही. खाली, कमी वेगात, घट्ट वळणात, मागे दोरी घेऊन उडणं हे वेगळंच कसब आहे. पण घटकाभर विचार करून बघ, त्या माणसाला किती लख्ख कळलं होतं की अडचण उंचीची नाही, वेगाची आहे.

कायद्याचंही सांगून ठेवतो. अमेरिकेत विमानातून वस्तू टाकायला सरसकट बंदी नाही. नियम ९१.१५ म्हणतो की खालच्या माणसांना किंवा मालमत्तेला धोका होईल असं काही टाकू द्यायचं नाही, आणि काळजी घेणं ही वैमानिकाची जबाबदारी. पिशवी तुझ्या हातातून सुटली तरी उत्तर मैत्रिणीने द्यायचं, हे लक्षात ठेव. दुसरा नियम ९१.११९: विरळ वस्तीच्या भागातही माणूस, वाहन किंवा इमारतीच्या ५०० फुटांच्या आत यायचं नाही. म्हणून पंच आणि प्रेक्षक कुठे उभे राहणार, हे ब्रीफिंगमध्ये विचारून घ्या, आणि तुमची रेषा गर्दीवरून जात असेल तर नाव मागे घ्या. अर्ध्या किलोची पिशवी २०० फुटांवरून डोक्यात बसली तर माणूस जीवानिशी जाऊ शकतो. विमान भाड्याचं असेल तर क्लबचे नियम आणि विमा दोन्ही तपासा. पुष्कळ क्लब दारं-खिडक्या उघडून उडायलाच नाही म्हणतात, आणि त्यांनी नाही म्हटलं की विषय संपला. सरावही वाटेल त्या शेतावर नको. मालकाची परवानगी घ्या, शेत मोकळं आहे ते आधी पायी फिरून बघा. आणि सुट्टीत घरी गेल्यावर तिकडच्या फ्लाइंग क्लबात कुणी म्हटलं की आपणही करून बघू, तर तिथे परवानगीशिवाय विमानातून काही टाकता येत नाही, हे त्यांना आधी सांग.

स्पर्धेच्या दिवशी विमानं एकामागून एक येतात. पुढचं विमान रेषेतून बाहेर पडून चढलंय हे डोळ्यांनी दिसेपर्यंत आत शिरायचं नाही, रेडिओवर कुणी काहीही म्हणो. दुपार चढली की तापलेल्या जमिनीवरून हवा उसळते आणि २०० फुटांवर विमान हलायला लागतं. सकाळची फेरी मिळत असेल तर तीच मागून घ्या.

उतरल्यावर विमान पुसायचं काम तुझं. मैदा शेपटीवर, बिजागऱ्यांत, चाकाच्या आवरणात जाऊन बसतो. आधी मऊ ब्रशने सगळं कोरडं झटकायचं, मगच ओलं फडकं. उलट केलंस तर खळ तयार होते आणि वाळल्यावर ती खरवडून काढावी लागते. एलेव्हेटरची बिजागरी हलवून बघ. पिटो नळीच्या तोंडाशी आणि स्टॅटिकच्या छिद्रापाशी पांढरं काही दिसतंय का ते बघ. दिसलं तर फुंकर मारू नकोस, मेकॅनिकला दाखव. आत सीटच्या रुळांत गेलेलं पीठ व्हॅक्यूमने काढ. आणि खिडकीचा तो स्क्रू सकाळी काढल्यावर पाकिटात घालून पॅनेलवर चिकटवून ठेव, संध्याकाळी मेकॅनिककडून परत बसवून घे, आणि मालकाला किल्ली देताना खिडकी उघडून-लावून दाखव.